न आलेल्या मुलांसाठी राखलेल्या जागा : कॅन्सस सिटीतल्या मॅग्नेट शाळांचं प्रकरण

मॅग्नेट शाळेची कल्पना साधी आहे. सरकारी शाळेला एखाद्या विषयाची खास ओळख द्यायची, कुठे विज्ञान आणि गणित, कुठे नाटक-संगीत, कुठे परकीय भाषा, आणि प्रवेशाला पत्त्याची अट ठेवायची नाही. मग अख्ख्या स्कूल डिस्ट्रिक्टमधून, म्हणजे शाळांच्या स्थानिक हद्दीतून, मुलं आपण होऊन तिथे येतील, वेगवेगळ्या वस्त्यांतली मुलं एका बाकावर बसतील आणि कुणावर सक्ती करावी लागणार नाही, अशी त्यामागची अपेक्षा. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या टॅकोमा शहरात १९६८ साली मॅकार्व्हर प्राथमिक शाळेपासून याची सुरुवात झाली असं मानलं जातं.

या कल्पनेची सर्वांत मोठी आणि सर्वांत महागडी परीक्षा झाली ती मिसुरी राज्यातल्या कॅन्सस सिटीत. १९८५ नंतरच्या साधारण बारा वर्षांत नेहमीच्या खर्चाच्या वर जवळपास दोन अब्ज डॉलर तिथे ओतले गेले. परीक्षांचे निकाल फारसे हलले नाहीत आणि वर्गात गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांचं मिश्रणही झालं नाही. तेव्हापासून 'पैशाने शाळा सुधारत नाहीत' याचा पुरावा म्हणून हे प्रकरण पुढे केलं जातं. मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो. ही योजना आपलं यश मोजताना बहुतेक वेळ शाळेत नसलेल्या मुलांकडे बघत राहिली. बाकीच्या बऱ्याच चुका त्यातून निघाल्या.

शहरातल्या रेषा

१९५४ पर्यंत मिसुरीत गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा कायद्यानेच वेगळ्या होत्या. राज्याच्या घटनेतच तशी तरतूद होती. कॅन्सस सिटीतलं लिंकन हायस्कूल ही कृष्णवर्णीय मुलांची शाळा. अशा वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा ब्राउन खटल्याचा निकाल आल्यावर कायदा बदलला, पण शहर तोवर आखलं गेलं होतं. जे. सी. निकल्स या बड्या विकसकाने आपल्या वसाहतींच्या खरेदीखतांतच 'कृष्णवर्णीयांना घर विकायचं नाही' अशा अटी घातल्या होत्या. उत्तर-दक्षिण जाणारा ट्रूस्ट अॅव्हेन्यू ही शहराची वंशरेषा झाली. पूर्वेला कृष्णवर्णीय वस्ती, पश्चिमेला गोरी.

यात आणखी एक गुंता होता आणि तो समजल्याशिवाय पुढचं काही कळत नाही. अमेरिकेत स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे शाळा चालवणारी स्वतंत्र स्थानिक संस्था असते. तिचं निवडून आलेलं मंडळ वेगळं, कर वेगळा आणि हद्दही वेगळी. पूर्वी कॅन्सस सिटी शहर आसपासचा भाग सामावून घेत वाढलं की शाळांची हद्दही वाढायची. १९५७ साली राज्याने कायदा बदलला आणि ही जोडणी तुटली. शहर पसरत गेलं, डिस्ट्रिक्ट मात्र जुन्या हद्दीतच राहिलं. त्यामुळे पालिका तीच ठेवून निव्वळ डिस्ट्रिक्ट बदलणं गोऱ्या कुटुंबांना सोपं झालं. ज्यांना आणखी लांब जायचं होतं त्यांच्यासाठी राज्याच्या सीमेपलीकडे शेजारचं कॅन्सस राज्य होतंच.

१९८५ च्या सुमारास डिस्ट्रिक्टमधली ६८ टक्के मुलं कृष्णवर्णीय होती. मतदारांत मात्र गोऱ्यांचं प्रमाण बरंच जास्त होतं आणि त्यांतल्या अनेकांची मुलं या शाळांत नव्हतीच. शाळांसाठी कर वाढवण्याचा एकही प्रस्ताव १९६९ नंतर मतदारांनी मंजूर केला नव्हता. इमारतींची अवस्था अशी झाली की त्या अक्षरशः कुजल्या आहेत असं न्यायालयाला लिहावं लागलं.

खटला आणि हरण्यातला फायदा

१९७७ साली शाळा मंडळाने आणि काही विद्यार्थ्यांनी फेडरल न्यायालयात दावा लावला. प्रतिवादी होते मिसुरी राज्य, उपनगरांची डिस्ट्रिक्ट्स आणि काही केंद्रीय खाती. न्यायाधीश रसेल क्लार्क यांनी एक महत्त्वाचा बदल केला : वादी म्हणून आलेल्या शहराच्या डिस्ट्रिक्टलाच प्रतिवादींच्या रांगेत बसवलं. वादी उरली ती मुलं. १९८४ मध्ये निकाल लागला. राज्य आणि डिस्ट्रिक्ट दोघेही वंशभेदाची घाण तशीच ठेवल्याबद्दल दोषी ठरले. उपनगरं सुटली.

ती सुटण्यामागे दहा वर्षांपूर्वीचा एक निकाल होता. १९७४ मध्ये डेट्रॉइटच्या मिलिकन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की उपनगरांच्या डिस्ट्रिक्ट्सचा दोष सिद्ध झाल्याशिवाय त्यांना शहराच्या उपायात ओढता येणार नाही. म्हणजे क्लार्क यांच्या हातात फक्त शहराची हद्द उरली आणि तिथे मिसळायला पुरेशी गोरी मुलंच नव्हती. उपनगरातल्या मुलांना बसमध्ये बसवून आणता येत नसेल, तर ती स्वतःहून येतील अशा शाळा बांधायच्या, एवढाच मार्ग त्यांना दिसला. न्यायालयीन भाषेत याला 'विभाजन मोडणारं आकर्षण' अशा अर्थाचं नाव मिळालं.

डिस्ट्रिक्ट प्रतिवादी होतं, पण आदेश जितका मोठा तितका त्याचाच फायदा. खर्चाचा मोठा वाटा राज्यावर पडणार होता. मागण्या करणारे वादींचे वकील आणि त्या मान्य करायला उत्सुक असलेला प्रतिवादी, अशी जोडी जमली. 'हे कशाला हवं?' असं विचारणारं राज्याशिवाय कुणी उरलं नाही, आणि राज्य दोषी ठरल्यामुळे त्याच्या विरोधाकडे टाळाटाळ म्हणूनच पाहिलं गेलं.

योजना

१९८५ च्या पहिल्या आदेशात शहाण्या गोष्टी होत्या. वर्गातली मुलं कमी करणं, पूर्ण दिवसाचं बालवर्ग-शिक्षण, उन्हाळी शाळा, शाळेआधी आणि नंतरची शिकवणी. नोव्हेंबर १९८६ मध्ये मोठा आदेश आला : सगळी हायस्कुलं, सगळ्या मिडल स्कूल्स आणि निम्म्या प्राथमिक शाळा मॅग्नेट करायच्या. साउथवेस्टला विज्ञान-गणित, पॅसिओला कला, नॉर्थईस्टला कायदा आणि लोकसेवा, ईस्टला पर्यावरण आणि शेती. राज्याला बहुतेक बाबींचा ७५ टक्के खर्च उचलायचा होता.

पुढे १९९० साली सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती अँथनी केनेडी यांनी आपल्या मतपत्रात या योजनेतल्या सुविधांची यादी दिली. ती आजही वाचावी अशी आहे : प्रत्येक वर्गात वातानुकूलन आणि १५ संगणक असलेली हायस्कुलं, २,००० चौरस फुटांचं तारांगण, २५ एकरांचं शेत आणि त्यावर १०४ माणसांसाठी वातानुकूलित सभागृह, भाषांतराच्या तारा टाकलेलं नमुना संयुक्त राष्ट्र सभागृह, रेडिओ-टीव्हीचे स्टुडिओ, प्राथमिक शाळेत प्राणी पाळायच्या खोल्या.

सेंट्रल हायस्कूल हा या योजनेचा चेहरा. नवी इमारत १९९१ मध्ये उघडली, खर्च सुमारे ३.२ कोटी डॉलर. शाळेचे विषय दोन, संगणक आणि अभिजात ग्रीक. ग्रीक म्हणजे सुदृढ मन आणि सुदृढ शरीर. म्हणून ऑलिंपिक मापाचा पोहण्याचा तलाव, त्यात पाण्याखालून पोहणाऱ्यांना न्याहाळायची सोय, आत धावण्याचा ट्रॅक आणि तलवारबाजी. तलवारबाजी शिकवायला आले व्लादिमीर नाझलिमोव्ह, सोव्हिएत संघाचे ऑलिंपिक विजेते. ज्या वस्तीतल्या मुलांनी गळक्या छपराखाली वर्षं काढली होती त्यांना अशी इमारत मिळावी यात मला काहीच गैर वाटत नाही. त्यांचा तो हक्कच होता. अडचण वेगळी होती. ग्रीक विषय कुणी निवडला? त्या वस्तीतल्या पालकांनी तो मागितला नव्हता. उपनगरातल्या आईवडिलांना काय आवडेल याचा अंदाज बांधून तो ठरला होता.

पैशासाठी न्यायाधीशांनी आणखी मोठं पाऊल टाकलं. मतदार कर मंजूर करेनात, तेव्हा १९८७ मध्ये त्यांनी स्वतःच मालमत्ता कर दर १०० डॉलर करपात्र मूल्यामागे २.०५ वरून ४ डॉलर केला. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की न्यायाधीशाने थेट कर लावणं चूक, पण डिस्ट्रिक्टला तो लावायला सांगता येईल. घरमालकांच्या खिशातून पैसे जायचे ते गेलेच.

कोण आलं

आता हिशेब करू. बहुतेक मॅग्नेट शाळांचं उद्दिष्ट होतं ६० टक्के अल्पसंख्याक (कृष्णवर्णीय आणि इतर बिगर-गोरी) आणि ४० टक्के गोरी मुलं. डिस्ट्रिक्टमध्ये दर शंभर मुलांत जवळजवळ पंचाहत्तर अल्पसंख्याक. ती पंचाहत्तर जर साठ टक्के व्हायची असतील तर एकूण मुलं सव्वाशे हवीत आणि त्यांत गोरी पन्नास. म्हणजे आधीच्या शंभरांमागे आणखी पंचवीस गोरी मुलं उपनगरांतून किंवा खासगी शाळांतून यायला हवीत. छत्तीस हजारांच्या आसपास पट असलेल्या डिस्ट्रिक्टमध्ये हा आकडा नऊ हजारांवर जातो. उपनगरांतून प्रत्यक्षात आलेल्या मुलांची संख्या अगदी भरात असताना दीड हजाराच्या घरात होती. त्यांतलीही बरीच मुलं फार काळ टिकली नाहीत.

या प्रकरणात मला सर्वांत जास्त बोचतं ते पुढे घडलं. लोकप्रिय मॅग्नेट शाळांत गोऱ्या मुलांसाठी धरलेल्या जागा रिकाम्या राहिल्या आणि त्याच शाळांच्या प्रतीक्षायादीवर कृष्णवर्णीय मुलं राहिली. ज्या मुलांवर अन्याय झाला म्हणून खटला उभा राहिला, त्याच मुलांना, त्यांच्यासाठी झालेल्या आदेशामुळे, 'तुमच्या वंशाची संख्या पूर्ण झाली' असं सांगितलं गेलं. बाक रिकामा आहे, शिक्षक आहे, संगणक आहे, आणि रस्त्यापलीकडे राहणारं मूल बसमध्ये बसून दुसऱ्या टोकाच्या शाळेत चाललं आहे, कारण तिथे त्याच्या वाट्याची जागा आहे. असं एकदा-दोनदा घडलं असतं तर अपवाद म्हणता आलं असतं. इथे योजनेची रचनाच ते घडवत होती.

वाहतुकीनेही वस्त्या उसवल्या. एका गल्लीतली मुलं सकाळी चार-पाच वेगवेगळ्या शाळांच्या बसमध्ये चढायची. उपनगरातून येणाऱ्या मुलांसाठी तर डिस्ट्रिक्ट आपल्या खर्चाने टॅक्सी पाठवायचं. चालत जाता येईल अशी शाळा उरली नाही, की संध्याकाळी आईवडिलांना सहज डोकावता येईना. पालकसभेला कोण येणार, मुलगा दोन दिवस दिसला नाही तर शेजारणीला कसं कळणार? आखणी करताना हे प्रश्न कुणी मोजले नाहीत.

वर्गात

दर विद्यार्थ्यामागचा खर्च, बांधकाम सोडूनही, ७,६०० ते ९,४०० डॉलर झाला. आसपासच्या उपनगरांत तो २,८०० ते ६,००० च्या मध्ये होता. मॅग्नेट कार्यक्रमावर ४४.८ कोटी, इमारतींवर ५४ कोटींहून जास्त. पगारवाढ डिस्ट्रिक्टच्या जवळजवळ सगळ्या कर्मचाऱ्यांना मिळाली. नुसत्या शिक्षकांपुरती ती ठेवली नव्हती. वाचन-गणिताच्या चाचण्यांत मात्र मुलं राष्ट्रीय सरासरीच्या मागेच राहिली.

याचं कारण शोधताना टीकाकार तारांगणावर थांबतात. मला अधिक महत्त्वाचं वाटतं ते हे : पैसा इतक्या वेगाने आला की तो खर्चण्याची यंत्रणाच डिस्ट्रिक्टकडे नव्हती. अधीक्षक, म्हणजे डिस्ट्रिक्टचे मुख्य अधिकारी, वारंवार बदलत राहिले आणि नव्या माणसाला आधीच्याचं काम समजेपर्यंत तो जायचा. विषयांच्या पाट्या लागल्या, पण ज्यांनी ते विषय शिकवायचे होते ते बहुतेक शिक्षक तेच होते. शिकवण्याची पद्धत सुधारणं, कमकुवत शिक्षकाला मदत करणं किंवा बाजूला करणं, वाचायला अडखळणाऱ्या तिसरीच्या मुलाबरोबर रोज अर्धा तास बसणं, ही कामं चकचकीत नसतात. उपनगरातल्या पालकाला दाखवायच्या माहितीपत्रकात ती येत नाहीत. ज्या योजनेचं ध्येयच बाहेरच्याचं लक्ष वेधणं हे होतं, तिच्यात ही कामं मागे पडणं ओघानेच आलं.

काही मिळालं का? मिळालं. कोंदट, पडक्या इमारती गेल्या. वर्ग लहान झाले. भाषेच्या शाळांत पाच वर्षांची मुलं दिवसभर फ्रेंचमधून शिकू लागली. ज्या मुलांना चांगली मॅग्नेट शाळा मिळाली त्यांच्यासाठी ती खरी संधी होती.

१९९५

१२ जून १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल दिला. मुख्य न्यायमूर्ती रेनक्विस्ट यांनी लिहिलं की दोष डिस्ट्रिक्टच्या आत सिद्ध झाला आहे, तेव्हा बाहेरची मुलं ओढून आणणं हे उपायाचं ध्येय असू शकत नाही. सरसकट पगारवाढही गेली. न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी वेगळं मत जोडलं. कृष्णवर्णीयांची संख्या जिथे जास्त ते निकृष्टच असणार, हे न्यायालयं इतक्या सहज का गृहीत धरतात, असा त्यांचा सवाल होता.

थॉमस यांच्या बाकीच्या भूमिकांशी माझं जमत नाही, पण हा सवाल योजनेच्या वर्मावर बोट ठेवतो. वर्गात गोरं मूल आल्याशिवाय कृष्णवर्णीय मुलाची शाळा बरी होणार नाही, असं ती योजना न बोलता म्हणत होती. तरीही निकालाचा परिणाम न्याय्य होता असं मला म्हणवत नाही. न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी आपल्या विरोधी मतात १७२४ पर्यंत मागे जाऊन, पंधराव्या लुई या फ्रेंच राजाच्या काळ्या गुलामांविषयीच्या फर्मानापासून मिसुरीचा इतिहास मांडला आणि त्यासमोर सुधारणेची जेमतेम दहा वर्षं ठेवली. इतक्या लवकर हात काढून घेणं त्यांना मान्य नव्हतं. न्यायालयाने आकर्षणाची कल्पना काढून टाकली, पण तिच्या जागी काय, हे सांगितलं नाही. मुलं जिथे होती तिथेच राहिली.

नंतर

१९९७ मध्ये राज्याने ३२ कोटी डॉलर देऊन अंग काढून घेतलं. क्लार्कही प्रकरणातून बाजूला झाले. पैसा आटला तशा एकेक मॅग्नेट शाळा साध्या शाळा होत गेल्या. १९९८ मध्ये राज्याने फक्त कॅन्सस सिटी आणि सेंट लुइससाठी चार्टर शाळांचा, म्हणजे सरकारी पैशावर पण डिस्ट्रिक्टपासून स्वतंत्र चालणाऱ्या शाळांचा, कायदा केला. फ्रेंच माध्यम हातचं जाऊ नये म्हणून पालकांनी १९९९ मध्ये अकादेमी लाफाएत ही चार्टर शाळा काढली आणि ती आजही चालू आहे. २००० साली डिस्ट्रिक्टची मान्यता गेली, पुढे तात्पुरती मिळाली, २०१२ च्या सुरुवातीला पुन्हा गेली. साठच्या दशकात सत्तर हजारांवर असलेला पट २०१० मध्ये सतरा-अठरा हजारांवर आला होता आणि त्या वर्षी मंडळाने जवळजवळ निम्म्या शाळा बंद करायचं ठरवलं. पूर्ण मान्यता परत मिळायला २०२२ चा जानेवारी उजाडला.

कनेक्टिकट राज्यातलं हार्टफर्ड याच्या शेजारी ठेवून पाहायला हवं. तिथल्या शेफ खटल्यात १९९६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्यघटनेच्या आधारे सांगितलं की शहर आणि उपनगर यांच्यातल्या शाळाहद्दींमुळेच मुलं वेगळी पडत आहेत, आणि ते दुरुस्त करणं राज्याचं काम आहे. क्लार्क यांच्या हातात जे नव्हतं ते इथे होतं. हद्द ओलांडणाऱ्या प्रादेशिक मॅग्नेट शाळा उभ्या राहिल्या आणि उपनगरातली मुलं खरोखरच आली. पण कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलांचा एकत्रित वाटा ७५ टक्क्यांच्या वर जाऊ न देण्याच्या नियमामुळे तिथेही रिकामे बाक दिसले, आणि २०१८ मध्ये कृष्णवर्णीय व लॅटिनो पालक त्याविरुद्ध न्यायालयात गेले. २०२२ च्या तडजोडीत राज्याने भर कोटा सांभाळण्यावरून हलवून जागा वाढवण्यावर दिला, हार्टफर्डमधल्या मागणी करणाऱ्या मुलांना पुरतील इतक्या. माझ्या मते कॅन्सस सिटीत हीच गोष्ट पहिल्या दिवशी व्हायला हवी होती : आधी दारात उभं असलेल्या मुलाला जागा, मग बाहेरच्याला आमंत्रण.

कॅन्सस सिटीत अख्ख्या डिस्ट्रिक्टमधून मुलं घेणाऱ्या शाळा संपलेल्या नाहीत. पॅसिओ अजून कलाशाळा आहे. एकेकाळी कृष्णवर्णीय मुलांसाठी वेगळी काढलेली लिंकन आता लिंकन कॉलेज प्रिपरेटरी अकादमी आहे. प्रवेशासाठी अभ्यासातली कामगिरी पाहिली जाते आणि राज्यातल्या चांगल्या हायस्कुलांत तिचं नाव घेतलं जातं. तिथे पाण्याखालून पाहता येणारा तलाव नाही. अवघड अभ्यासक्रम आहे आणि तो मुलांकडून पुरा करून घेण्याची जुनी सवय आहे. ती सवय बाकीच्या शाळांत कशी रुजवायची हा प्रश्न आजही तसाच आहे, कारण निवडून घेतलेल्या मुलांची शाळा चांगली चालवणं आणि येईल त्या मुलाची शाळा चांगली चालवणं ही वेगळी कामं आहेत.

एप्रिल २०२५ मध्ये इथल्या मतदारांपुढे ४७.४ कोटी डॉलरच्या शाळा-कर्जरोख्यांचा प्रस्ताव आला. अशा प्रस्तावाला इथे जवळजवळ सहा दशकांत मंजुरी मिळाली नव्हती. या वेळी तो घसघशीत बहुमताने मंजूर झाला, कुठल्याही न्यायाधीशाच्या आदेशाविना. त्यातला मोठा भाग डिस्ट्रिक्टच्या शाळांना आणि काही भाग चार्टर शाळांना मिळणार आहे, मुख्यतः वर्षानुवर्षं रखडलेल्या दुरुस्त्यांसाठी.